आणखी एक मणका वर

“भाऊजी, तो गीझर एकदा कोणाला तरी दाखवून घ्या बरं. पाणी मधेच कोमट होतं.”

आमच्या थोरल्या वहिनींनी हे मला नरकचतुर्दशीच्या पहाटे सांगितले. मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावला. त्याने झाकण उघडले, बंद केले, शंभर रुपये घेतले आणि गीझरमध्ये काहीही बिघाड नाही असे सांगून तो निघून गेला. घरातील बाकी कोणालाच पाणी कोमट लागत नव्हते. वस्तुतः वहिनींनाही ते सर्वांगाला कोमट लागत नव्हते. उजव्या मांडीवर तांब्या ओतला की पाणी चांगले कढत लागे, डाव्या मांडीवर ओतला की तेच पाणी निवल्यासारखे वाटे. पण एवढा तपशील त्यांनी कोणालाच सांगितला नाही. तो सांगण्याजोगा आहे असे त्यांना वाटले नाही, आणि विचारण्याजोगा आहे असे आम्हां कोणाला वाटले नाही.

या सदरात मी सहसा घरातल्या गोष्टी लिहीत नाही. मी पेशाने मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याच्या नातेवाइकाचा, म्हणजे औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणाऱ्याचा. तरी या वर्षभरात पाठीचा कणा, त्यातील पोकळी आणि त्या पोकळीत वाढणाऱ्या गाठी यांविषयी जे वाचावे लागले, डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून समजून घ्यावे लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण अशी पाठदुखी आपल्या प्रत्येक घरात एखादी तरी असते, आणि तिच्याकडे पाहण्याची आपली रीतही सगळीकडे सारखीच.

वहिनींचे दुखणे गीझरच्या आधी दोन वर्षे सुरू झाले होते. उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक ठणका. तो बरगडीच्या कडेने पुढे छातीपर्यंत यायचा, कोणी दोरी करकचून आवळावी तसा. खोकला आला की कळ उठे. रात्री आडवे झाल्यावर तो वाढे, इतका की त्या उशी भिंतीला टेकवून बसून झोपत. प्रथम तो ‘गॅस’ ठरला. मग हृदयाचा आलेख निघाला. तो निर्दोष होता. मग कोणी ‘मणक्यांत गॅप’ सांगितली, कोणी वात. तेल झाले, शेक झाले, काढे झाले. पुढे एकदा राजवाड्याच्या गर्दीतून त्या घरी आल्या तेव्हा उजव्या पायातली चप्पल नव्हती, आणि ती कोठे निसटली हे त्यांना सांगता येईना. आम्ही हसलो. आज ते हसणे आठवले की लाज वाटते.

पाय जड पडू लागला तेव्हा मात्र घर जागे झाले. एका दवाखान्यात कमरेचा एम.आर.आय. काढण्यात आला. त्यात चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी किंचित बाहेर आलेली दिसली. कारण सापडले म्हणून सर्वांना हायसे वाटले. कमरेला पट्टा बांधला, वजने लावून ताण दिला, व्यायाम शिकवले. तीन महिने गेले. पाय अधिकच ताठरला.

येथे कण्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, नाही तर पुढची हकिकत कळणार नाही.

मणके एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक मणक्याच्या मागील अंगाला एक कमान असते. या कमानी एकापुढे एक आल्यामुळे जी लांब नळी तयार होते तिला कण्याची पोकळी म्हणू. तिच्या आत जाड आवरणाची पिशवी, पिशवीत पाण्यासारखा द्रव, आणि त्या द्रवात तरंगणारा मज्जारज्जू: जेमतेम करंगळीइतका जाड, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. मेंदूने पायाला ‘चल’ म्हणावे आणि पायाने मेंदूला ‘काटा टोचला’ म्हणून कळवावे, या दोन्ही निरोपांची वाट एवढ्यातूनच जाते. आता लक्षात ठेवायची गोष्ट ही की मज्जारज्जू नळीच्या तळापर्यंत पोचतच नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतो तो केवळ मज्जातंतूंचा झुबका. इंग्रजी वैद्यकात त्याला घोड्याच्या शेपटीची उपमा देतात.

यावरून एक साधी पारख निघते. खाली, कमरेपाशी दाब पडला तर तो तंतूंवर पडतो. पाय लुळा, ढिला होतो, गुडघ्यावर किंवा टाचेमागे हातोडी मारली तर तो उसळत नाही. दाब वर, खुद्द रज्जूवर पडला तर पाय ताठर होतो आणि हातोडीच्या हलक्या टिचकीनेही ताडकन् उडतो. वहिनींचा पाय ताठर होत होता. म्हणजे कमरेच्या त्या चित्रात दिसलेली गादी खरी असली तरी गुन्हेगार ती नव्हती. हे सांगायला यंत्र लागत नाही. रबरी हातोडी लागते, आणि ती उचलण्याइतका वेळ.

वहिनींना तेथेच थांबवून मी वाचकांना १८८७ सालच्या लंडनमध्ये नेतो. कण्याच्या पोकळीतली गाठ निदान करून, कापून काढून रोगी बरा झाल्याची वैद्यकाच्या इतिहासात गाजलेली पहिली हकिकत तेथली आहे, आणि तिच्यात जे घडले ते आमच्या घरात घडलेल्या गोष्टीशी विलक्षण जुळते.

कॅप्टन गिल्बी नावाचा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ. १८८४ च्या सुमारास त्याच्या पाठीत, खांद्याच्या पात्याखाली दुखू लागले. मज्जातंतूंचा शूळ म्हणून उपचार झाले, हवापालट झाली. दुखणे कधी उणे, कधी दुणे. तीन वर्षांनी पायांतले बळ जाऊ लागले. १८८७ च्या जूनपर्यंत दोन्ही पाय निर्जीव झाले, छातीच्या खाली स्पर्श कळेना, लघवी आपोआप होईना. या अवस्थेत त्याला विल्यम गॉवर्स या मज्जातंतुरोगांच्या तज्ज्ञाने पाहिले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. तो लागायला अजून आठ वर्षे होती. कण्याच्या आत पाहण्याचे कसलेही साधन नव्हते. गॉवर्सजवळ होती ती दुखण्याची सुरुवात, तिचा क्रम, आणि कातडीवर टाचणी टोचत टोचत काढलेली बधिरतेची रेषा. एवढ्यावरून त्याने सांगितले की रज्जूच्या बाहेरून दाबणारी गाठ आहे आणि ती काढता येईल.

व्हिक्टर हॉर्सली हा शस्त्रवैद्य तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील राष्ट्रीय रुग्णालयात ९ जून १८८७ रोजी त्याने रोग्यास पाहिले आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. अंदाजलेल्या जागी मणक्यांच्या कमानी काढल्या, आवरण उघडले. आत रज्जू स्वच्छ दिसत होता. गाठ नव्हती.

या क्षणाची कल्पना करावी. निदान चुकले असे मानून जखम शिवून टाकण्याचा मोह किती मोठा असेल! शिवाय जितके उघडावे तितका धोका अधिक. पण मदतीला उभ्या असलेल्या सहकाऱ्यांपैकी चार्ल्स बॅलन्स याने आणखी वर जावे असा आग्रह धरला. हॉर्सलीने आणखी वरची कमान काढली, आणि तेथे बदामाच्या आकाराची गाठ रज्जूला दाबून बसलेली दिसली. ती काढली. रज्जूवर तिने पाडलेला खळगा तसाच राहिला होता.

गिल्बीचे पाय हळूहळू परत आले. वर्षभरानंतर तो आधाराशिवाय चालत होता आणि दिवसाचे सोळा तास काम करीत होता. त्यातला बराचसा वेळ उभ्याने. पुढे तो सुमारे वीस वर्षे जगला. गॉवर्स व हॉर्सली यांनी १८८८ साली ही हकिकत प्रसिद्ध केली तेव्हा कण्याच्या गाठींकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टीच बदलली. हॉर्सली पुढे ‘सर’ झाला, आणि १९१६ साली मेसोपोटेमियात, अमारा येथे, सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना उष्म्याने वारला. (त्याच उष्म्यात आपल्याकडचेही हजारो शिपाई तेथे खितपत पडले होते, पण तो विषय वेगळा.)

गाठ अंदाजापेक्षा वर का निघाली, याचे उत्तर आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. बधिरतेची रेषा पुष्कळदा खोटी साक्ष देते. रज्जूतल्या ज्या तंतूंवर दाब आधी पडतो ते तंतू शरीराच्या खालच्या भागातून आलेले असू शकतात. म्हणून गाठ छातीपाशी असली तरी बधिरता सुरुवातीला बेंबीखालीच जाणवते आणि मग महिन्या-महिन्याने वर चढते. उलट पहिले दुखणे, तो पट्ट्यासारखा आवळणारा ठणका, बहुधा खरे सांगतो. कारण गाठ ज्या मज्जातंतूच्या मुळाला प्रथम खेटते त्याच्याच वाटेने तो ठणका येतो. रोगी तीन वर्षांपूर्वीचे दुखणे विसरलेला असतो, डॉक्टर आजच्या पायाकडे पाहत असतो, आणि गाठीचा खरा पत्ता त्या विसरलेल्या दुखण्यावर लिहिलेला असतो.

एका पायात बळ नाही आणि दुसऱ्या पायाला ऊन पाणी कळत नाही, या चमत्कारिक विभागणीचाही उलगडा एकोणिसाव्या शतकातच झालेला आहे. मॉरिशस बेटावर जन्मलेला ब्राऊन-सेकार हा संशोधक. क्वीन स्क्वेअरच्या त्याच रुग्णालयाच्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. त्याने दाखवून दिले की वेदनेचे आणि उष्णतेचे तंतू रज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडच्या बाजूला जातात, हालचालीचे तंतू मात्र आपल्याच बाजूने खाली उतरतात. म्हणून उजव्या अंगाने दाब पडला तर उजवा पाय दुबळा होतो आणि डाव्या पायाचे ऊन-थंड जाते. आमचा मिस्त्री ज्या बिघाडाचा शोध गीझरमध्ये घेत होता त्याचे वर्णन पॅरिसमध्ये दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेले होते!

पण टाचणी आणि हातोडी यांवरच सारे निभावत नव्हते. हॉर्सलीला नशिबाने साथ दिली. दरवेळी ती मिळत नसे. गाठ नेमकी कोठे हे डोळ्यांनी दिसावे म्हणून जे प्रयत्न झाले त्यांत मला सर्वांत मौजेचा वाटला तो सिकार आणि फोरेस्तिए या दोघा फ्रेंच डॉक्टरांचा. खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेले एक औषध ते पाठदुखीवर सुईने देत असत. असे तेल क्ष-किरणांत स्पष्ट दिसते. १९२१ च्या सुमारास एकदा सुई थोडी अधिक आत गेली आणि तेल आवरणाच्या पिशवीत उतरले. रोग्याला अपाय झाला नाही. पण पडद्यावर तेलाचा थेंब नळीतून खाली ओघळताना दिसला. चुकीतून युक्ती सापडली. रोग्याला तिरप्या फळीवर झोपवावे, तेल सोडावे आणि पाहत बसावे. जेथे गाठ असेल तेथे तेल अडते आणि गाठीच्या माथ्यावर टोपीसारखे साचते. पुढे अनेक दशके जगभर हीच तपासणी चालली. आपल्या माळव्यात मंदसौर-नीमचकडे खसखशीची फुललेली शेते पाहताना हे तेल माणसाच्या कण्यात दिव्यासारखे वापरले गेले असेल असे मला कधी वाटले नव्हते.

यानंतरचा टप्पा अमेरिकेतील बॉस्टनचा, आणि तो थोडा ओशाळवाणाही आहे. मणक्यांच्या पोकळीतून काढलेल्या कित्येक लहान गाठी ‘कूर्चेचे अर्बुद’ म्हणून बाटल्यांत नोंदवून ठेवल्या जात. तेथील मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३२ नंतर त्या जुन्या बाटल्या पुन्हा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी बऱ्याच गाठी अर्बुद नव्हत्याच. दोन मणक्यांमधली गादी फाटून तिचा तुकडा पोकळीत आलेला होता. १९३४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ज्याला आपण आज ‘गादी सरकली’ म्हणतो आणि ज्यावरून पायात कळ उतरते, त्या रोगाची खरी ओळख अशी अर्बुदाच्या चुकीच्या चिठ्ठीखालून बाहेर आली.

ओळख झाली आणि मग उलट चूक सुरू झाली. पूर्वी गादीला गाठ म्हणत. आता प्रत्येक पाठदुखीला गादी म्हणू लागले. एम.आर.आय. आल्यावर तर ही सवय पक्की झाली. या तंत्राचा पाया लॉटरबर यांनी १९७३ साली घातला, मॅन्सफिल्ड यांनी ते वेगवान केले, आणि २००३ साली दोघांना नोबेल मिळाले. हाडाच्या आत न शिरता रज्जू, द्रव, गादी, गाठ सारे वेगवेगळे दाखवणारे असे यंत्र मानवाने यापूर्वी केले नव्हते. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कमरेची अशी चित्रे काढून पाहण्यात आली, तेव्हा सगळ्या गाद्या निर्दोष असलेली माणसे शेकडा ३६ च निघाली. म्हणजे धडधाकट माणसांतही गादीचा दोष दिसणे हाच नियम. पांढऱ्या केसांवरून रोगनिदान करू नये तसेच हे. वहिनींच्या चित्रात जे दिसले ते त्यांच्या वयाच्या कोणाच्याही चित्रात दिसले असते, माझ्याही.

शिवाय यंत्र जेथे रोखावे तेथलेच दाखवते. ते कमरेवर रोखले होते.

आता वहिनींकडे परत येतो. आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे, खरे तर मुलीच्या विवाहाचे आमंत्रण द्यायला म्हणून, आम्ही गेलो होतो. वहिनींची चाल पाहून त्यांनी पत्रिका बाजूला ठेवली.

“सर्वांत पहिल्यांदा कोठे दुखलं होतं? आत्ताचं नाही, पहिलं,” त्यांनी विचारले.

वहिनींनी पाठीमागे हात नेऊन पाते दाखवले.

“आणि आंघोळीला पाणी दोन्ही पायांना सारखंच लागतं का?”

वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. गीझरची गोष्ट तेव्हा मला कळली. डॉक्टरांनी किल्लीच्या टोकाने त्यांच्या उजव्या तळव्यावर टाचेकडून बोटांकडे एक रेघ ओढली. पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठला. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टराने १८९६ साली सांगितलेली ही खूण. मोठ्या माणसात अंगठा वर उठला तर बिघाड मेंदूत किंवा रज्जूत आहे, कमरेच्या तंतूंत नाही. “कमरेचं चित्र काढून काय उपयोग? वर पाहा,” एवढेच ते म्हणाले आणि सबंध पाठीचे चित्र काढायला चिठ्ठी दिली. बधिरता बेंबीच्या पातळीवर होती. गाठ निघाली छातीच्या पाचव्या मणक्यापाशी, जेथे दोन वर्षांपूर्वी पहिला ठणका उठला होता.

ती आवरणातून उगवलेली गाठ होती. तिला मेनिन्जिओमा म्हणतात. मध्यम वयाच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत, आणि कण्याच्या छातीकडच्या भागात, ती अधिक आढळते. ती कर्करोगाची नसते. अतिशय सावकाश वाढते. या सावकाशपणातच तिचा घात आहे, कारण रज्जू वर्षानुवर्षे दबत दबत जुळवून घेतो आणि रोगी ‘वय झाले’ म्हणून जुळवून घेतो. आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर वाढणाऱ्या गाठींतली दुसरी प्रमुख जात मज्जातंतूच्या वेष्टणातून उगवणाऱ्या गाठींची; तीही बहुधा निरुपद्रवी जातीची. या दोन्ही जातींच्या पुष्कळ गाठींत बावीसाव्या गुणसूत्रावरील एक जनुक बिघडलेले असते, हे १९९३ साली ते जनुक सापडल्यापासून कळले आहे.

रज्जूच्या आतच वाढणारी गाठ ही मात्र खरी कठीण परीक्षा. न्यूयॉर्कच्या एल्सबर्गने १९११ साली तिच्यासाठी जी युक्ती सांगितली ती वाचून मी थक्क झालो. रज्जूला मागून बारीक चीर द्यायची आणि गाठीला हात न लावता जखम बंद करून थांबायचे. आतला दाब हळूहळू गाठीला त्या चिरेतून बाहेर ढकलतो; आठवड्याभराने पुन्हा उघडले की ती पुष्कळशी बाहेर आलेली असते. जेथे बोट घालणे म्हणजे पांगळेपण, तेथे निसर्गालाच काम करू द्यायचे! आज सूक्ष्मदर्शक, रक्तस्राव थांबवणारे विजेचे नाजूक चिमटे आणि शस्त्रक्रिया चालू असताना रज्जूतून जाणारे संदेश क्षणोक्षणी तपासणारी यंत्रे यांमुळे एका बैठकीत हे काम होते. तरीही या गाठींपुढे शस्त्रवैद्य आजही जपून पाऊल टाकतात.

आणि प्रौढांत सर्वांत अधिक आढळते ती तिसरीच तऱ्हा: स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा दुसऱ्या ठिकाणच्या कर्करोगाने मणक्यात घर करून रज्जूवर दाब आणणे. पूर्वी यावर किरणोपचार देऊन थांबत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा १०१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले होते. नुसते किरण दिलेल्यांपैकी शेकडा ५७ चालू शकले. आधी शस्त्रक्रियेने दाब काढून मग किरण दिलेल्यांपैकी शेकडा ८४. निवडक रोग्यांचाच हा अभ्यास, सर्वांना तो लागू नाही. पण पांगळेपण हे विधिलिखित मानू नये इतके तो नक्की सांगतो. मात्र उपचारानंतर कोण चालेल हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट एकच: उपचाराच्या दिवशी तो चालत होता की नाही. ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे त्याची नवी पाठदुखी तेल चोळून बरी करण्याच्या भरीस कोणी पडू नये.

आपल्या देशात मात्र चित्रात काही दिसले की लगेच कर्करोग म्हणून घर रडायला लागते, तेही बरोबर नाही. मणक्याचा क्षय आपल्याकडे पुष्कळ. बारीक ताप, वजन घटणे, पाठीवर उंचवटा आणि पाय ओढणे, असे त्याचे रूप. पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ साली त्याचे वर्णन केले. त्याला अर्थातच क्षयजंतू माहीत नव्हते. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. तुली यांनी १९७५ साली दाखवून दिले की औषधे नीट दिली तर पांगळे झालेले रोगीदेखील पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून उठून चालतात, आणि शस्त्रक्रिया जे सुधारत नाहीत त्यांच्यासाठी राखून ठेवावी. त्यांच्या या पद्धतीला ‘मध्यम मार्ग’ म्हणतात. बुद्धाने पहिला उपदेश केला ते सारनाथ तेथून हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग मला आवडला.

वय झालेल्यांतील आणखी एक विकार थोडक्यात सांगतो, कारण तो बहुधा आपल्या बैठकीतच बसलेला असतो. नळी वयोमानाने अरुंद होते. नेदरलंड्सच्या व्हर्बीस्ट यांनी १९४९ पासून याचे वर्णन केले. असा माणूस चालू लागला की शे-दोनशे पावलांनी दोन्ही पायांत गोळे येतात, बसला किंवा पुढे वाकला की बरे वाटते. चालवत नाही पण सायकल मात्र चालवता येते. तो आळशी झालेला नसतो.

आता सावधगिरीची लक्षणे. रात्री आडवे झाल्यावर वाढणारी पाठदुखी; छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्ट्यासारखा आवळणारा ठणका; पायातून चप्पल निसटून कळू नये; जिन्यात पाय ताठर पडावा; अंगाच्या एका भागाला पाणी वेगळे लागावे. यांतले काही जाणवले तर डॉक्टरांना ते सांगावे, न विचारताच सांगावे, आणि पहिले दुखणे कोठे व केव्हा झाले ते घरूनच कागदावर लिहून न्यावे. लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातले बळ तासातासाने जाऊ लागले तर मात्र कागदही नको. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वहिनींची शस्त्रक्रिया चार तास चालली. मी बाहेर बाकावर बसून होतो. दादा पलीकडच्या भिंतीशी उभा होता आणि कितीही सांगितले तरी बसायला तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी वहिनींनी उजव्या पायाचा अंगठा हलवून दाखवला, सहाव्या दिवशी त्या कुबडी घेऊन उभ्या राहिल्या. मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला त्या खुर्चीवरून स्वतः उठल्या. उजवा पाय अजून थोडा जड आहे; जिना उतरताना कठडा लागतो. खांद्याच्या पात्याखालचा तो ठणका मात्र शुद्धीवर आल्यापासून पुन्हा उठलेला नाही.

डाव्या पोटरीवर तळहाताएवढी जागा अशी आहे की तेथे पाणी अजूनही कोमटच लागते. म्हणून त्या आता बादलीत आधी हात घालून पाहतात आणि मगच तांब्या उचलतात.